निळ्या कॅनचा माग

१७ मे २०२१

पोचले एकदाची. सकाळी नागपूरहून निघालेली पथकाची जीप ब्रह्मपुरी, वडसा, कुरखेडा करत दुपारी हिरडीटोल्यात शिरली, तेव्हा तोंडावरचा मास्क घामाने चिकटून दुसरी कातडी झाला होता. तरी मी खूश आहे. आम्हा चिपळूणकरांना जंगल म्हणजे डोंगरउतारावरची झाडी. इथे सपाटीवर जंगल आहे, चालत सुटलं तर संपणारच नाही असं. गावाबाहेरच्या माळावर तेंदूपानांचे पुडे उन्हात ओळींनी मांडलेले दिसले. ड्रायव्हर कोलूभाऊ म्हणाला, ही फळी. पानं तोडून लोक इथे आणतात, ठेकेदाराचा मुनशी मोजून घेतो.

माझं काम घरी कुणालाच नीट समजलेलं नाही. मी डॉक्टर आहे, पण औषध देत नाही. कुणी आजारी पडलं की मी विचारत सुटते. काय खाल्लंत, कुणी दिलं, त्याला कुणी दिलं. असं मागे मागे जात जिथून विष निघालं त्या दारापर्यंत जायचं. या भागात हाताला लावायच्या सॅनिटायझरने माणसं मेली, काहींची दृष्टी गेली. ते कुठून आलं हे शोधायला आमचं छोटं पथक नेमलंय. प्रमुख डॉ. प्रफुल. नागपूरचे, हसरे, वाटेत सगळ्यांना आंबे घेऊन देणारे. ते तालुक्याच्या विश्रामगृहात राहतात. म्हणाले, महिन्याभरात आटपेल, तुम्हाला जंगल फिरायला वेळ उरेल.

माझी सोय गावातल्या नर्स सरिता रामटेके यांच्या घरी झाली आहे. नवं घरकुल, पुढची भिंत निळी, आत बुद्ध आणि बाबासाहेबांच्या तसबिरी, खाली ताजी चाफ्याची फुलं. सरिताची आई मीराबाई बोलायला तिखट आणि वाढायला सढळ. लाखोळीची डाळ, भात, जवसाची चटणी. दोनदा नको म्हटलं तरी तिसऱ्यांदा वाढलंच. सरिताचा धाकटा भाऊ विक्की माझी बॅग आत घेऊन गेला. जाताना दाराच्या चौकटीवर खांदा आपटला. उंच, कबड्डी खेळणाऱ्याची अंगकाठी. उन्हाचा चष्मा त्याने घरातही काढला नाही, तेव्हा मला कळलं.

१८ मे

आज गावात घरोघर फिरले. सगळ्यांची हकिगत सारखीच आहे.

कोरोना आहे म्हणून यंदा फळीवर निळे प्लास्टिकचे कॅन आले. वर 'निर्मल' असं छापलेलं. पानं मोजायच्या आधी हात चोळायचे. मुनशी देवराव याने पुरुषांना सांगितलं, ही दारूच आहे, शहरातले लोक पितात, लिंबू पिळलं की झालं. जिल्ह्यात दारूबंदी, बाहेर टाळेबंदी, पानं तोडून अंग मोडलेलं. प्यायले. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत कुणाला काही नाही. मग पोट, मग धाप, मग डोळे.

मी विक्कीला विचारलं, किती अंधार आहे, काही आकार दिसतात का.

"अंधार नाई, म्याडम," तो म्हणाला. "पांढरं हाय. चुन्याच्या डबक्यात डोकं बुडवल्यावानी. झोपलो तरी पांढरंच."

हे मिथेनॉलचं लक्षण आहे. पिण्याच्या दारूचा हा जुळा भाऊ, दिसायला तसाच, पण कारखान्यात वापरायचा. डोळ्याची नस जाळतो. पुस्तकात मी हे शंभरदा वाचलंय. पुस्तक वाचताना समोर खाटेवर कुणी बसलेलं नसतं.

शेजारच्या सीताकडे सर्वांत शेवटी गेले. तिचा नवरा सुकलू तेच पिऊन गेला. पण ती त्याच्याबद्दल बोललीच नाही. तिची आठ महिन्यांची मुलगी तापली होती. ती तिला पाठीला बांधून फळीवर गेली. देवरावने सांगितलं, फडकं यात भिजवून अंगावर ठेव, ताप उतरते अन् कोरोनाही मरते. सीता दिवसभर फडकी बदलत राहिली. ताप उतरला. मग पोरही उतरत गेलं, आणि गेलं. एवढ्याशा अंगात ते कातडीतूनही जातं.

सरकारी कागदावर मुलीचं नाव नाही. पथकाच्या कामाला अजून 'मद्यपींची विषबाधा' असंच म्हणतात. मी डॉ. प्रफुलना फोन करून हे बदला म्हटलं. ते म्हणाले, बघू.

संध्याकाळी बायका मीराबाईच्या अंगणात जमून काढा उकळत होत्या. गवती चहा, अडुळसा, सुंठ, गुळवेल. त्यांच्या बचत गटाचं काम आहे. आमचं पथक तो विकत घेतं आणि भेट दिलेल्या प्रत्येक घरी एक बाटली ठेवतं. त्यामुळे लोक दार उघडतात. अंगणभर छान कडसर वास होता. वडाच्या पारावर गावातले दृष्टी गेलेले पुरुष एका रांगेत बसले होते. मी चालू लागले की माझ्या चपलांच्या आवाजाबरोबर त्यांचे चेहरे वळायचे. सगळे एकदम.

२० मे

आज मुनशी देवराव सापडला. दोन गावं पलीकडे मेहुण्याकडे लपून होता. सरिता बरोबर होती, पण मी सांगितल्यावर जीपमध्येच थांबली.

तो आधी गुरगुरला, मग रडला. लोकच मागत होते म्हणाला. मुलीचं विचारलं तर म्हणाला, भल्यासाठी सांगतलं. कॅन त्याला तालुक्याच्या गोपालने दिले. औषधं आणि किराणा असं दुकान आहे त्याचं. मी लिहून घेतलं. निघताना नियमाप्रमाणे काढ्याची बाटली त्याच्या हातात दिली. तो पाया पडायला लागला, तेव्हा मला शिसारी आली. हे मी फक्त इथेच लिहू शकते.

जीपमध्ये सरिताने विचारलं, काय म्हणला. मी गोपालचं नाव सांगितलं. माग लागला की मला नेहमी भूक लागते. रात्री मीराबाईने मासे केले होते, तीनदा भात घेतला.

२२ मे

देवराव गेला.

काल दुपारी त्याला दवाखान्यात आणलं. धाप, उलट्या, डोळ्यांच्या बाहुल्या बशीएवढ्या. हाताने हवा चाचपडत होता. शपथेवर सांगत होता की त्या दिवसापासून थेंब घेतला नाही. मी पोचले तेव्हा उशीर झाला होता.

डॉ. प्रफुल म्हणाले, उरलेला माल स्वतःच प्यायला, भीतीने पितात माणसं. पटण्यासारखं आहे. हिरडीटोल्यात बातमी माझ्याआधी पोचली होती. सीताने आज पहिल्यांदा केस विंचरले होते.

२३ मे

गोपालची भेट. पोट सुटलेला, मास्क हनुवटीवर. दुकानात अजूनही एक निळा कॅन होता, तो मी जप्त केला. तेवढा तिखट वास पिण्याच्या दारूला नसतो. माल मूल गावाच्या पुढे एका बंद पडलेल्या राइस मिलमधून येतो. मालक गुणवंतराव. टाळेबंदीत त्यांनी मिलमध्ये सॅनिटायझर भरायला घेतलं, गावोगाव फुकटही वाटलं, सत्कार झाले, हार पडले. लोक मेल्याचं कळलं तेव्हा त्यांना फोन केला का, असं मी विचारलं. गोपाल म्हणाला, केला, ते म्हणाले विकत राहा, पिणाऱ्याचा दोष आहे.

पिणाऱ्याचा दोष. काउंटरवर काढ्याची बाटली ठेवली आणि निघाले.

परतताना सरिताला सगळं सांगितलं. ती बाहेर बघत होती. फक्त एवढंच म्हणाली, गुणवंतराव, मूल.

२५ मे

सकाळी गोपालच्या बायकोचा फोन. ह्याइले दिसून नाई राह्यलं.

मी दवाखान्यात कळवलं, मिथेनॉल समजूनच उपचार करा, रक्ताच्या तपासणीची वाट बघू नका, नागपूरला हलवा. जगेल म्हणतात. डोळे नाहीत.

मग मी माझं काम केलं, तेच जे मला येतं. दोन रुग्ण. दोन गावं, वेगळा धंदा, वेगळं पाणी, वेगळं किराणा. गोपाल आयुष्यात दारू प्यायला नाही, माळकरी घर आहे. दोघांमध्ये समान काय? कोण दोघांनाही भेटलं? आजारी पडायच्या एक-दोन दिवस आधी दोघांच्या दारात काय आलं?

जीप आली. मी आले.

गोपालच्या बायकोला पुन्हा फोन केला. मी आले त्या दिवशी त्यांनी काय घेतलं ते आठवा. ती म्हणाली, जेवण घरचंच. अन् तुमचा काढा. तुमीच त दिला नं, म्याडम, हातानं.

हो. मीच दिला.

२६ मे

सकाळपासून काही खाल्लं नाही. पाणी बोअरवरचं, स्वतः हापसून, ओंजळीने. मीराबाईने ताट समोर ठेवलं तेव्हा पोट बिघडलंय म्हटलं. भिंतीवरच्या कॅलेंडरातली बारीक अक्षरं मी खोलीच्या दुसऱ्या टोकाला उभी राहून वाचते. दर तासाला. अजून वाचता येतात. मधूनच अंगणातलं ऊन इतकं पांढरं होतं की मी पुन्हा कॅलेंडराकडे वळते.

दुपारी सरिताला आत बोलावलं, दार लावलं आणि सरळ विचारलं.

तिने नाकारलं नाही. खाटेच्या कडेला बसली, ड्यूटीवरून आलेली नर्स बसते तशी, चप्पल काढून. म्हणाली, फळीवरचे सगळे कॅन आम्ही पथकाला दिलेच नव्हते. गावाने ठेवून घेतले. कुणी एकीने नाही, सगळ्या बायकांनी मिळून ठरवलं. कुठल्या बाटलीत किती, हे मला विचारू नका. मी तिला म्हटलं, हा खून आहे, कायदा आहे, मी अहवाल देणार आहे, खटला उभा राहील.

"कोर्टात काय म्हणन ते?" ती म्हणाली. "बेवड्याईनं पेलं अन् मेले. बस. आठ महिन्याची पोरगी बेवडी होती काय, म्याडम?"

दारात सीता येऊन उभी होती, केव्हा आली कळलं नाही. कधी आवाज चढवत नाही ती. आजही नाही.

"आमचं काई नाई त्यात," ती म्हणाली. "त्याचंच हाय. त्याचं त्याले वापस देऊन राह्यलो."

मी विचारलं, आणि मला? माझ्या ताटात?

सरिता मला लहान मुलीला हसावं तशी हसली. "तुमाले काऊन भेव लागते? तुमी त रस्ता दाखवता."

२७ मे

पोलिसांत जायचं ठरवलं. कोलूभाऊला जीप काढायला सांगितलं. डॉ. प्रफुलच्या परवानगीशिवाय निघणार नाही म्हणाला. त्यांना फोन केला, नुसतं एवढंच म्हटलं की मला ठाण्यात जबाब द्यायचाय. ते म्हणाले, अर्धवट जबाब देऊ नका, आधी मिलचा मालक गाठा, सगळं एकदम देऊ. बरोबर वाटलं. बरोबर वाटावं अशी माझीही इच्छा होती.

भूक आवरेना. रात्री जेवले. मीराबाईने माझ्या ताटातला पहिला घास आधी स्वतः खाल्ला, माझ्याकडे न बघता. मग बुद्धापुढे जाऊन बराच वेळ बसली.

२८ मे

गुणवंतराव. काढ्याची पिशवी घरी ठेवून गेले. सरितालाही नेलं नाही.

मिलच्या आवारात कूलर लावलेली खोली, भिंतीवर कोविड योद्धा म्हणून मिळालेली सन्मानपत्रं. पांढरा सदरा, मऊ आवाज. मला लस्सी दिली. घेतली नाही. ते न विचारता बोलत होते, अशा माणसांना ऐकणारं माणूस मिळालं की पुरतं. कच्च्या मालाच्या पिंपांवर कारखान्याच्या वापराचं लिहिलेलं होतं, हे त्यांना माहीत होतं. स्वस्त होतं. हाताला लावायलाच दिलं होतं, प्या असं कुठे छापलंय, दाखवा. मी मुलीबद्दल सांगितलं. ते म्हणाले, अडाणी लोक, काय करणार.

मग जे म्हणाले ते मी तसंच लिहिते. तुम्ही एवढ्या का तापता, तुमच्या साहेबांना मी तेव्हाच सांगितलं होतं. पहिल्या दोघांचे डोळे गेले त्याच आठवड्यात. प्रफुलजी आले, नमुना नेला, तपासला, मला फोन करून म्हणाले, गेलेला माल परत मागवला तर बोंब होईल, आहे तो संपू द्या, पुढचं नीट करा. तुमच्या साहेबांनीच सांगितलं.

त्या आठवड्यात सीताची मुलगी जिवंत होती.

परत येताना जीपमध्ये बसले होते की नाही, आठवत नाही. पारावरच्या सगळ्यांनी माझ्याकडे चेहरे वळवले. विक्कीने विचारलं, भेटला का.

मी अंगणात उभी राहून सगळ्यांसमोर सांगितलं. मिल कुठे, खोली कुठली, तो कधी एकटा असतो. मला माहीत होतं मी काय करते आहे. हे नीट लिहून ठेवते. माहीत होतं.

प्रफुलचं नाव नाही घेतलं.

३० मे

कसं पोचवलं, कोण गेलं, मी विचारलं नाही. विचारणं हेच माझं काम आहे, आणि मी विचारलं नाही.

दोन बायका सकाळी मोहाच्या टोळ्या, म्हणजे तेलाच्या बिया, विकायला म्हणून बाहेर पडल्या, एवढं दिसलं.

३१ मे

चंद्रपूरहून एका डॉक्टरचा फोन. तरुण आवाज, घाबरलेला. मूलकडचा रुग्ण आणलाय, घरचे म्हणतात उष्माघात, पण धाप वेगळी वाटते, डोळ्यांचं काहीतरी आहे. तुम्ही विषबाधेच्या पथकात आहात म्हणून नंबर मिळाला. काय असू शकेल, मॅडम?

एक शब्द सांगायचा होता. त्याच्याकडे उतारा असणार, मोठा दवाखाना आहे, रक्त शुद्ध करायचं यंत्र आहे.

मी म्हटलं, सांगता येत नाही. उष्णता फार आहे यंदा.

१ जून

गेला.

मला वाटलं होतं रडू येईल. आंघोळ केली. डोक्यावरून पाणी घेतलं, खूप. मीराबाईने जवसाची चटणी केली होती. गोड लागली. जेवता जेवता मला हसू आलं आणि ते थांबेना, तेव्हा सीताने माझ्या पाठीवर हात ठेवला. फडकी बदलत राहिलेला तोच हात.

आता मी यांच्यातली आहे. कुणी म्हणालं नाही. पण पारावरचे लोक आता माझ्या चपलांना मान वळवत नाहीत.

३ जून

प्रफुल आला होता. घाम, डोळ्यांखाली काळं. गुणवंतरावांकडे काय बोलणं झालं ते खोदून विचारलं. मी म्हटलं, काही नाही, मालाबद्दलच. त्याने तयार अहवाल समोर ठेवला. मद्यपींनी स्वतःहून प्राशन केलं. मुलीचा उल्लेख नाही. सही करा, परवा पथक परत जातंय, तुमची पुढची नेमणूक पुण्यात करून देतो.

सही केली नाही. विचार करते म्हटलं.

जाताना दारात थांबून म्हणाला की ही माणसं चांगली नाहीत, तुम्ही यांच्याकडे जेवता कशाला.

नाव माझ्या जिभेवर बसलंय. गिळलं तरी वर येतं. सांगितलं नाही तर तो पुण्यात, मुंबईत, कुठेतरी पुन्हा एखाद्याला फोनवर म्हणेल, आहे ते संपू द्या. सांगितलं तर —

४ जून

झोप नाही. डोळे मिटले की पांढरं. मी काही प्यायलेले नाही. तरी पांढरं.

दुपारी मीराबाई तांदूळ निवडत होती. वर न बघता म्हणाली,

"अजून कोणी उरला हाय का, बाई?"

मी एक खडा उचलून बाहेर टाकला.

ती तशीच निवडत राहिली. खडे बाजूला, तांदूळ बाजूला. मग म्हणाली, ठीक हाय.

मी गप्प राहिले, आणि तेवढ्याने तिला कळलं. कोण, तेही; काल सही न करता मी ज्याला परत लावलं तो. नाही म्हणायचं होतं मी. नाही म्हटलं असतं तर —

५ जून

दुपार. लिहिते आहे कारण हात रिकामे ठेवता येत नाहीत.

तो आलाय. सही घ्यायला. अंगणात मांडवाखाली खाटेवर बसलाय, वारा घेतोय. खिडकीतून त्याची पाठ दिसते. सदरा भिजलाय. सरिता ड्यूटीवर गेली. मीराबाई आणि सीता आत आल्या होत्या. पन्ह्याचा पेला माझ्या टेबलावर ठेवला. गूळ, वेलची, भाजलेली कैरी. वास छान आहे. वासाखाली दुसरा वास आहे, तो मला येतो कारण मला माहीत आहे.

मीराबाई म्हणाली, आमी नाई नेणार. तुमी नेलं त नेलं. नाई त सांडून द्या, कोणी काई बोलणार नाई. तुमच्यावर हाय.

आणि दोघी परसात निघून गेल्या. दार उघडं आहे. शेजारच्या टेबलावर पाण्याचा तांब्या. दुसरा पेलाही ठेवलाय, रिकामा. त्यांनी मला खरंच मोकळं सोडलंय. हेच सहन होत नाही.

सांडते. माझ्याने होणार नाही. मी विचारणारी आहे, मी —

सांडणार होते. पेला उचलला होता.

विक्की त्याच्याशी बोलतोय बाहेर. मला ऐकू येतंय. विक्की विचारतो, साहेब, सीताच्या पोरीचं नाव का नाही लिहिलं. अगदी अदबीने. आणि तो हसला. थकलेलं, चांगलं हसू, आंबे देतानाचं. म्हणाला, तान्ही पोरं जातातच रे इकडे, कशाने ना कशाने. तरुण बाई आहे, दुसरी होईल.

दुसरी होईल.

पेला अजून हातात आहे. पेल्याबाहेर थेंब जमलेत, वही ओली होतेय.

हाक मारली त्याने. केतकी मॅडम, काही प्यायला मिळेल का, घसा सुकला.

आले, सर. म्हटलं मी. आवाज नेहमीसारखाच आला. त्याला काही जाणवलं नसेल.

तांब्या डाव्या हाताला आहे. अजून वेळ आहे, एक पावलाचा. पुन्हा हाक मारतोय. उठते. मी —